अंडं कुणाच्या गटातलं?

सोळा शब्द, चार-चारांचे चार गट आणि चौथ्या चुकीला खेळ खलास. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ साली सुरू केलेला ‘कनेक्शन्स’ हा खेळ मी रोज सकाळी मोबाइलवर सोडवतो आणि त्याच धर्तीवर मराठी कोडी रचून पुण्यातल्या पुतणीला पाठवतो. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांचं पुसेगाव वेगळं, ते साताऱ्याकडचं. मी हिंगोलीकडचा, त्यामुळे माझ्या कोड्यांत शब्द येतात ते इथल्या रानातले आणि चुलीजवळचे.

‘नेहमीच्या ॲलर्जी’ हा गट ओळखायला मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्यातला एकही शब्द मूळचा त्या गटातला नसतो. आंबा जन्मतःच फळ असतो. शेंगदाणा मात्र आधी चटणीतला, कुटातला, लाडवातला. एखाद्याच्या ओठांवर सूज येते, श्वास अडकतो, तेव्हा त्या एकासाठी तो या गटात जातो. शेजारी बसलेला मूठभर दाणे खुशाल खात असतो. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ॲलर्जीची कल्पना मांडली, तीही शरीराच्या बदललेल्या प्रतिसादाबद्दल होती. दोष दाण्यात नसतो. कोडं रचणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं: प्रत्येक शब्दाला लपायला दुसरं घर आयतंच मिळतं.

हे घ्या: साबुदाणा, तूर, हरळी, शेंगदाणे, कापूस, अंडी, भगर, लव्हाळा, सोयाबीन, राजगिरा, केना, हळद, गाजरगवत, रताळी, कुंदा, ज्वारी.

उपवासाचे पदार्थ लगेच दिसतात, पण मोजले तर पाच भरतात. आमच्याकडची पिकं पाच. निंदायला बसलेल्या बायका ज्यांना शिव्या घालतात ती तणंही पाच. इथे घाईने बोट टेकवलं की चूक ठरलेली. पुतणीचा फोन आला, “काका, अंडी कशातच बसेनात.”

“मग तिथूनच सुरुवात कर,” मी म्हणालो.

सोडवण्याची सगळी कला मला यातच दिसते. जे शब्द पटकन जमतात त्यांना थोपवून धरायचं आणि ज्याला कुठेच जागा नाही त्याला विचारायचं, तुझं कोण? अंड्याने हाक मारली की उपवासातून शेंगदाणे उठतात, पिकांतून सोयाबीन, तणांतून गाजरगवत. अंडी, शेंगदाणे, सोयाबीन तिन्ही पाकिटावर ठळक सांगावे लागतात, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियमच आहे. गाजरगवताला पाकीट नाही. पुण्यात १९५५च्या सुमारास त्याची पहिली नोंद झाली आणि आता ते आमच्या बांधाबांधावर आहे. ते उपटणाऱ्या कुणाच्या हातांना, मानेला, पापण्यांना खाज सुटते आणि कातडी जाड, काळी पडत जाते. कुणाला फुलोऱ्याच्या दिवसांत शिंका आणि दमा. त्याला या गटात बसवलं नसतं तर हे कोडं पुसेगावचं झालं नसतं.

काही शब्द मी मुद्दाम बाहेर ठेवले. पिकांत ज्वारीच्या जागी आधी हरभरा होता. पण आपल्याकडे काहींना हरभऱ्याचीही ॲलर्जी असते, मग सोडवणाऱ्याने तो अंड्याशेजारी ठेवला तर त्याला चूक कसं म्हणणार? खाजकुइलीचा मोह फार झाला, तरी ती घेतली नाही. तिची कुसं अंगाला लागली की ज्याला त्याला खाजवतं, आणि जे सरसकट सगळ्यांना होतं ते या गटात घालणं अन्यायाचं. बिब्बा अजून वहीत आहे. त्याचं तेल मुळातच दाहक, पण एकाला नुसता डाग पडतो आणि दुसऱ्याच्या अंगभर उततो. त्याला कुठे बसवायचं, यावर माझं आणि पुतणीचं एकमत नाही.

सध्या दूध हाताशी घेतलंय. पंचामृतातून दूध काढलं तर दही, तूप, मध, साखर असे नेमके चार उरतात. रचनेला याहून सोयीचं काय? अडचण दह्याची आहे. दुधातल्या प्रथिनांची ज्याला ॲलर्जी, त्याला दहीही चालत नाही. ज्याला नुसतं दूध पचत नाही, पोट गुबारतं, त्याला दही बऱ्याचदा चालतं, आणि ती ॲलर्जी नव्हेच. तेव्हा पंचामृत सोडून दुधासाठी दुसरं घर शोधतोय. चहा, साखर, आलं, गवती चहा यांच्यात ते बसेल असं वाटतंय.