एक हालचाल, आठ जणी

कथक शिकलेल्या कुणालाही समूहनृत्य बसवायला सांगा, हात आधी जुन्या साठ्याकडे जातो. तोडे, तुकडे, परणी, गतनिकास सगळं पाठ असतं. ते आठ जणींना वाटून द्यायचं, मध्येच रांगा बदलायच्या, शेवटी एक जोरकस तिहाई टाकायची. अशा नृत्यांत प्रत्येकीची तयारी दिसते. त्या आठ जणींचं एकमेकींशी नातं काय, ते मात्र कळत नाही. भातलावणीवर नृत्य करायचं ठरलं, तेव्हा मी साठा बाजूला ठेवला आणि एकाच हालचालीवर काम करायचं ठरवलं.

ती हालचाल मावळातल्या एका खाचरात मिळाली. आषाढाची झड लागलेली, बायका ओळीने वाकलेल्या. डाव्या हातात रोपांची जुडी. उजव्या हाताने त्यातली दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठ्याने आणि बोटांनी चिखलात दाबायची आणि पाऊल मागे घ्यायचं. लावलेलं समोर राहतं, पाठीमागे मोकळा चिखल. बांधावरून मी एका आजींना विचारलं, “पाठ भरून येत नाही का?” हात न थांबवता त्या म्हणाल्या, “येती की. पर एक मागं ऱ्हायली तर समद्यांची ओळ मोडती, बाई.” नृत्याचा विषय तिथेच ठरला: एकीची पाठ आणि सगळ्यांची ओळ.

पुण्यात परतल्यावर आम्ही ती हालचाल तीनतालाच्या सोळा मात्रांत बसवली. चार मात्रांत वाकणं, चारांत रोपं सुटी करणं, चारांत दाबणं, दोनांत पाऊल मागे आणि दोनांत मान वर करून आभाळाकडे नजर. एवढंच वाक्य. डोरिस हम्फ्री यांचं नृत्यरचनेवरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये आलं. अशा पुस्तकांतून आणि आधुनिक नृत्याच्या वर्गांत रचनेची साधनं शिस्तीने शिकवली जातात. पुनरावृत्ती, उलट क्रम, विस्तार, संकोच, एकापाठोपाठ एक प्रवेश. मी ती एकेक करून या वाक्याला लावून पाहिली. एकच अट होती: जे साधन खाचराबद्दल काही सांगणार नाही, ते कितीही देखणं दिसलं तरी ठेवायचं नाही.

पहिलं लागू पडलं ते कॅनन, म्हणजे एकच वाक्य प्रत्येकीने ठरावीक अंतराने सुरू करणं. पहिली समेवर सुरू करते, दुसरी तिसऱ्या मात्रेवर, तिसरी पाचव्या, असं करत आठवी पंधराव्या मात्रेवर. त्यामुळे सोळाव्या मात्रेला एक जण वाकत असते, दुसरी जुडी सोडत असते, तिसरी दाबत असते, आणि पहिलीची नजर आभाळाकडे पोचलेली असते. कामाचा सगळा क्रम एका क्षणात डोळ्यांपुढे येतो. वाक्य संपलं की प्रत्येकीने तिथेच थांबायचं. आठवीचं वाक्य पुढच्या आवर्तनाच्या चौदाव्या मात्रेला संपतं, उरलेल्या दोन मात्रांत आठही जणी नुसत्या उभ्या असतात आणि सम येते. कथकमध्ये समेवर पोचण्याची ओढ प्रत्येकीच्या अंगात भिनलेली असते. इथे पहिल्या मुलीला सोळा मात्रा पूर्ण करून इतरांची वाट पाहावी लागते. “ताई, आपलं झालंय आणि थांबायचंय, हे नाचण्यापेक्षा अवघड आहे,” ती म्हणाली. ओळ सांभाळणं म्हणजे काय, हे तिला पायांतून कळलं होतं.

उलट क्रम मला अनपेक्षित ठिकाणी घेऊन गेला. वाक्य शेवटाकडून सुरुवातीकडे केलं की पाऊल पुढे पडतं, बोटं चिखलातून रोपं उचलतात, ती जुडीत जातात आणि पाठ सरळ होते. हे तर वाफ्यातली रोपं उपटणं झालं! लावणीच्या आधी तेच करतात. मग उलटं वाक्य नृत्याच्या आरंभी गेलं आणि सुलटं त्यानंतर आलं. याची समज परदेशी पुस्तकातूनच यायला हवी होती असंही नाही. गोव्यात शिगम्यात आणि कोकणात गोफ नाचतात. रंगीत दोऱ्यांची टोकं हातात धरून नाचणारे पावलांनी वेणी विणतात आणि तीच पावलं उलट टाकून ती उलगडतात. एक जण चुकला की दोरी अडकते. उलट क्रमाची इतकी कडक परीक्षा दुसरी कुठली?

विस्तार आणि संकोच तर आमच्या रोजच्या रियाजातले आहेत. आम्ही त्यांना ठाय आणि दुगुन म्हणतो. चौघींना मी सोळा मात्रांचं वाक्य बत्तीसांत करायला दिलं आणि चौघींना आठांत. संथ चौघींचं एक वाक्य होईतो चपळ चौघींची चार होतात आणि समेवर दोन्ही गट भेटतात. संथ गटाचं वय आपोआप वाढलं, चपळ गटाचं कमी झालं. अभिनयाचा एकही इशारा न देता आज्या आणि नाती मंचावर आल्या.

कथकला समूहाचं नवं भान देण्यात कुमुदिनी लाखिया यांचं काम फार मोठं आहे. त्यांच्या १९७३ च्या ‘धबकार’सारख्या रचनांनी एकटीचा नाच मानलेल्या शैलीतून समूहाची भाषा घडवली. आणखी मागे गेलं तर नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात पिंडीबंध आहेत: एकत्र गोळा झालेली पिंडी, साखळीसारखी शृंखलिका, गुंफलेला लताबंध आणि वेगळं होऊन नाचण्याचा भेद्यक. मी त्यातली साखळी आणि भेद्यक घेतले. ओळीतल्या सात जणी मान वर करतात, एक वाकलेलीच राहते आणि तिच्याभोवती ओळ पुढे सरकते. ती एक आजींसाठी आहे.

सर्वांनी एकाच वेळी एकच हालचाल करणं मी शेवटासाठी राखून ठेवलं. मुलींना ते सुरुवातीपासून हवं होतं, कारण त्यात दाद हमखास मिळते. पण समूहाची ती सर्वांत मोठी ताकद आहे आणि सतत वापरली की बोथट होते. शेवटी दमदार तिहाई येते. रोप दाबण्याचा पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा दम, पुन्हा तुकडा, पुन्हा दम, तिसरा तुकडा; समेपासून निघालेलं शेवटचं पाऊल पुढच्या समेवर पडतं. पहिला तुकडा पुढच्या चौघी करतात, दुसरा मागच्या चौघी. दमाच्या मात्रेत आठही पाठी सरळ होतात. तिसरा तुकडा सगळ्या मिळून करतात. तोवर प्रत्येकीची चाल, वय, थकवा प्रेक्षकांच्या ओळखीचा झालेला असतो, म्हणून त्या एकत्र पावलाला वजन येतं.

या कामानंतर मी वर्गाची रीत बदलली. आपण मुलींना वर्षानुवर्षं तुकडे देतो, पण त्या तुकड्यांपासून काही घडवायचं कसं, हे क्वचितच शिकवतो. आता तुकडा पाठ झाला की चौघींचा गट करते आणि सांगते: यातलं काहीही बदला, पण बदललं की चौघींमध्ये नवीन काय घडलं ते मला सांगा. दहा-बारा वर्षांच्या मुलीही नेमकं बोलतात. कोण वाट पाहतंय, कोण पुढे धावतंय, कोण एकटं पडलंय, हे त्यांना दिसू लागतं. रचना शिकवायला पदवीची वाट पाहू नये, असं मला कळकळीने वाटतं. पहिला तत्कार स्थिर झाला की लगेच सुरू करावी.