नायगावचे भाषण आणि चिरागनगरची वाट

दादर म्हटले की आपल्या माणसाची पावले चैत्यभूमीकडे वळतात. पण स्टेशनच्या पूर्वेला, नायगावात, आपल्या चळवळीची आणखी एक जागा आहे. बंगाली हायस्कूल! बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला सव्वा वर्षच झाले होते, तेव्हा २ मार्च १९५८ रोजी येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते लोकशाहीर अण्णा भाऊ साठे.

आम्ही अभ्यास मंडळाचे पाचसहा जण एका रविवारी मुलाबाळांसह तेथे गेलो. शाळा बंद होती. फाटकाबाहेर उभे राहूनच अण्णा भाऊंच्या भाषणाची झेरॉक्स प्रत आळीपाळीने वाचली.

पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोललेली आहे, असे पुराणे सांगतात. अण्णा भाऊंनी त्या सभागृहात सांगितले की, ती दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे. दलिताचे जीवन खडकातून झिरपणाऱ्या पाझरासारखे असते. लेखकाने ते जवळ जाऊन पाहावे आणि मगच लिहावे, असेही त्यांनी बजावले.

आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "शाळेत दीडच दिवस गेलेल्या माणसाला शाळेत भाषणाला कसं बोलावलं?" तिची आई म्हणाली, "अगं, त्यांनी जे पाहिलं होतं, ते शाळेत शिकवत नव्हते म्हणून."

खरेच आहे. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचा हा मुलगा आईबापांसोबत पायी मुंबईला आला. कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. जुन्या तमाशातला गण देवाला वंदन करी. अण्णा भाऊंनी तो देश आणि कष्टकरी यांच्याकडे वळवला. अशा कलावंताचे भाषण पुस्तकी कसे असेल?

तेथून लोकलने घाटकोपरला गेलो. पश्चिमेला चिरागनगर. याच वस्तीत अण्णा भाऊ झोपडीत राहिले, लिहीत राहिले. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. 'जवळ जाऊन पाहा' हे त्यांनी आधी स्वतः केले होते, हे त्या अरुंद गल्ल्यांतून चालताना कळते.

आम्ही कारकून माणसे. हजेरीपटावर सफाई कामगारांचे दिवस मांडतो, रजा मांडतो. पण झाडूने पडलेले तळहाताचे घट्टे हजेरीपटाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीत सह्या घेताना आमची नजर प्रथम त्या हातांकडे गेली. एखादे भाषण कित्येक दशकांनंतरही माणसाची नजर बदलते, ती अशी.

१ ऑगस्टला आपण अण्णा भाऊंची जयंती करतो. हार घालतो, मिरवणूक काढतो, वाद्ये वाजवतो. वाचकहो, मिरवणूक अवश्य काढा. पण निघण्यापूर्वी हे भाषण वस्तीत मोठ्याने वाचा. वाचायला शाळकरी मुलीला उभे करा, आणि ऐकायला पुढच्या रांगेत ज्यांच्या तळहातांविषयी ते आहे, त्यांना बसवा.