तिसरीला हाक

२०१९ च्या सप्टेंबरची २८ तारीख, शनिवार. सकाळीच रत्नागिरीहून भावाचा फोन आला होता. सर्वपित्री झाली, वाडी ठेवली, कावळा शिवला. त्याच संध्याकाळी मी आणि माझी लेक जॅक्सनविलहून सेंट ऑगस्टीनला निघालो, तिथल्या दीपगृहात रात्र काढायला.

लेक तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. भुताखेतांच्या जागी रीतसर परवानगी घेऊन उपकरणांनी मोजमाप करणाऱ्या एका छोट्या गटात ती वर्षभर जात होती. मी वीजवहनाच्या कामातला अभियंता. "बाबा, तुला मीटरचं कळतं. एकदा तू ये," असं ती महिनाभर म्हणत होती. त्या दीपगृहाच्या रात्रीच्या फेरीचं इंग्रजी नावच मुळी 'डार्क ऑफ द मून', म्हणजे आपली अमावास्या. आमची रात्र नेमकी भाद्रपदातल्या अमावास्येला आली, हे तिला मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

माझं बालपण जयगडच्या खाडीकडेचं. रात्री ओटीवर निजलं की दीपगृहाचा झोत भिंतीवरून सरकत जाई आणि तो मोजता मोजता झोप लागे. खाडीत गिऱ्हा असतो, तो माणसाला पाण्यात ओढतो, असं आजी सांगायची. रात्री कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हेही तिचंच. भीती होती ती पाण्याची आणि हाकेची. दिव्याची भीती आमच्यात कुणाला नव्हती. उलट झोत दिसत असला की मचव्यावर गेलेली माणसं परत येणार, एवढा त्याचा भरवसा.

अनास्तासिया बेटावरचा हा मनोरा १६५ फूट उंच आहे. अंगावर काळे-पांढरे पट्टे पिळासारखे वर चढत गेलेले आणि माथ्यावर लाल दिवाघर. आत २१९ लोखंडी पायऱ्या. १८७१ मध्ये बांधायला घेतला आणि १५ ऑक्टोबर १८७४ ला पहिल्यांदा पेटला. विटा अलाबामातून आल्या, लोखंडकाम फिलाडेल्फियातून आणि भिंग पॅरिसहून. ते भिंग अजून तिथेच आहे. पहिल्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग, हाताने कापलेले ३७० लोलक, आत माणूस उभा राहील एवढं. १९८६ मध्ये कुणीतरी बंदुकीने त्याचे काही लोलक फोडले, तेव्हा गावाने ते पुन्हा घडवून घेतलं. मी त्याच्यापाशी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आपण इथे भुतासाठी आलोय हे विसरून गेलो होतो. दर तीस सेकंदांनी एक लखलखाट, आणि मधल्या वेळात सगळा लोलकांचा गाभारा संथ फिरत राहिलेला.

या जागेची गोष्ट मनोरा पुरा होण्याआधीची आहे. हेझेकाया पिटी हे बांधकामाचे देखरेख अधिकारी, मेन राज्यातून कुटुंबासह इथे राहायला आलेले. सामान खाडीवरून मनोऱ्यापर्यंत न्यायला रूळ टाकले होते आणि त्यावरून एक गाडा चाले. मुलं त्या गाड्यात बसून उतारावरून पाण्याच्या दिशेने घसरत जायची, कडेला आडवी फळी असे, तिला गाडा अडे. १० जुलै १८७३ ला ती फळी जागेवर नव्हती. गाडा थेट पाण्यात गेला आणि मुलांवर उलटा झाला. कामगार धावत आले तोवर तीन मुली गेल्या होत्या. पिटींची मेरी पंधरा वर्षांची, एलायझा तेरा वर्षांची. तिसरी एक कृष्णवर्णीय मुलगी होती, त्यांच्यासोबत खेळणारी.

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी ही गोष्ट मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून सांगितली. बाई पेशाने परिचारिका, मरणं जवळून पाहिलेली, आवाजात कुठेही नाटक नाही. मेरी, एलायझा, त्यांची वयं, एलायझाचा निळा झगा जो लोकांना अजून दिसतो म्हणतात, वरच्या कठड्यावरून येणारं हसू. तिसरीबद्दल मात्र एक वाक्य. मी वाट पाहिली, पण गोष्ट पुढे सरकली होती.

पुढे होते जोसेफ आंद्रेऊ. आधीच्या दीपगृहाचे राखणदार. १८५९ च्या डिसेंबरात मनोरा रंगवताना पाळण्यावरून कोसळून गेले. त्यांच्या जागी त्यांची पत्नी मारिया आंद्रेऊ राखणदार झाली आणि तिने दिवा सांभाळला. कठड्याशी एक पुरुष उभा दिसतो तो जोसेफच, असं इथे मानतात. मला हे ऐकून निराळाच विचार आला. ते ज्या मनोऱ्यावरून पडले तो जुना, शिंपल्यांच्या दगडाचा, समुद्र कडा खात आला तसा १८८० मध्ये पाण्यात गेला. हा नवा मनोरा जोसेफनी कधी पाहिलाही नाही. माणसाचं घर बुडालं तर त्याचं भूत शेजारच्या घरी राहायला जातं का? आजीला विचारलं असतं तर तिने ठामपणे नाही म्हटलं असतं. गिऱ्हा आपला डोह सोडत नाही.

मग उपकरणं निघाली. पाच दिव्यांचा चुंबकीय क्षेत्राचा मीटर, दोन ध्वनिमुद्रक, अवरक्त कॅमेरा, तापमापक. मीटरबद्दल मी आधीच स्पष्ट बोललो. हा मीटर घरातल्या वायरिंगलाही दिवे लावतो, कारण प्रवाह वाहतो तिथे साठ हर्ट्झचं क्षेत्र असतंच. इथे तर माथ्यावर विजेचा दिवा आणि भिंग फिरवणारी मोटर. म्हणून आधी अर्धा तास आम्ही नुसत्या वायरी शोधल्या, भिंतीकडेने मीटर नेऊन कुठे किती दिवे लागतात ते वहीत लिहून ठेवलं. बाईंनी ते काम मनापासून केलं. त्यांनी प्रत्येक मजल्याच्या टप्प्यावर खडूने खूण केली. खरं काही सापडावं असं ज्याला वाटतं तो खोटं आधी बाजूला काढतो, हे त्यांच्या वागण्यात दिसलं आणि माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

साडेअकराच्या पुढे आम्ही चढलो. विजेऱ्या बंद. लोखंडी जिना जाळीचा, खाली पाहिलं तर पायाखाली काळोखाची विहीर. पूर्वीचे राखणदार तेलाची बादली घेऊन हा जिना चढायचे, रोज, तापात आणि वादळातही. माझा श्वास चौथ्या टप्प्यावरच फुलला. लेक पुढे होती. सातव्या टप्प्यावर ती थांबली आणि माझ्या मनगटाला धरलं.

वर पावलं वाजली. तीन. टप्प्याटप्प्याने, कुणी सावकाश उतरतंय तशी.

वर कुणीही नव्हतं. आमची सहाही माणसं खाली एका ओळीत होती. कुणी हललं नाही. अंगावर काटा आला हे मी लपवत नाही. मग डोकं चालू लागलं. फ्लोरिडातलं सप्टेंबरचं ऊन दिवसभर विटांनी शोषलेलं, रात्री हवा उतरली की लोखंड आखडतं, बोल्ट सरकतो, आणि तो ठोका जाळीच्या जिन्यातून गोल फिरत खाली येतो. एकामागून एक पायरी सुटली तर पावलंच वाजतील. मी तापमान लिहून घेतलं. तासाभराने तसेच ठोके पुन्हा आले, या वेळी खालून. मी लेकीला कारण सांगितलं. ती म्हणाली, "पटतंय मला. पण तेव्हा पटलं नव्हतं ना तुलाही?" नव्हतंच.

विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याचा १९९८ चा शोधनिबंध मला तिथे आठवत राहिला. प्रयोगशाळेत त्याला कडेने करडी आकृती दिसली, घाम फुटला. शोधता शोधता नव्याने बसवलेला एक पंखा सापडला. त्याच्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचं, कानाला न जाणवणारं स्पंदन उभं राहत होतं. पंखा बंद केला आणि भूत गेलं. या मनोऱ्यात वारा कठड्यावरून घुमतो तेव्हा छातीत काहीतरी दबल्यासारखं होतं. ते मोजायचं साधन आमच्याजवळ नव्हतं, म्हणून त्यावर मी काही म्हणत नाही.

माथ्याखालच्या टप्प्यावर आम्ही गोल बसलो. ध्वनिमुद्रक मधोमध. बाई शांतपणे हाका मारू लागल्या. "मेरी, तू इथे आहेस का? एलायझा, आम्हाला काही सांगशील का?" दर प्रश्नानंतर वीस सेकंदांची शांतता, उत्तरासाठी सोडलेली. वरून झोत फिरायचा, तो आम्हाला दिसत नव्हता, पण खिडकीबाहेरची हवा उजळून विझायची. आजीने सांगितलं होतं, रात्रीच्या हाकेला ओ देऊ नको. इथे जिवंत माणसं मेलेल्यांना हाका मारत होती आणि ओ यावी म्हणून जीव मुठीत धरून बसली होती. लेकीला आणि बाईंना एकदा हसू ऐकू आलं, मुलीचं, वरच्या दारापाशी. दोघींनी एकाच क्षणी मान वळवली. मला ऐकू आलं नाही. वारा असेल, झाडीतला पक्षी असेल, पण एकाच क्षणी दोघींच्या माना वळलेल्या मी पाहिल्या आणि वहीत तेवढंच लिहिलं.

अडीच वाजता राखणदारांच्या घराच्या तळघरात आम्ही ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो. जवळजवळ सगळी खरखर. मग एका जागी बाईंनी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. दोन अक्षरांचा एक आवाज, श्वासासारखा. "हेल्प मी," गटातला एक जण म्हणाला. इतरांनी माना डोलावल्या. पुन्हा लावलं. त्यांना स्पष्ट "हेल्प मी" ऐकू येत होतं.

मला "ये गो" ऐकू आलं.

इतकं स्वच्छ की मी उठून उभा राहिलो. खाडीवरून तिन्हीसांजेला पोरींना घरी बोलावणाऱ्या बायांची हाक. मेरी किंवा एलायझा ही हाक देणार नाहीत, मराठी तर त्यांच्यातल्या कोणालाच येत नव्हती. म्हणजे खरखरीत तो शब्द नव्हता, माझ्या कानात होता. कान रिकामी जागा सोडत नाही, जवळ जे आहे ते तिथे भरतो. त्यांच्या कानात बुडत्या पोरीची विनवणी होती, माझ्या कानात तिला बोलावणारी आई. मी हे सगळ्यांना सांगितलं. बाईंनी फीत पुन्हा लावली, डोळे मिटून ऐकली आणि त्या नोंदीपुढे "अनिर्णित" असं लिहिलं.

तेव्हा मी विचारलं, "आपण दोघींनाच हाका मारल्या. तिसरीला का नाही?"

बाई म्हणाल्या, "कोणत्या नावाने?"

तळघरात कुणी बोललं नाही. या गावाच्या उत्तरेला फोर्ट मोझे आहे. १७३८ मध्ये गुलामगिरीतून निसटून आलेल्या कृष्णवर्णीयांची मुक्त वसाहत तिथे उभी राहिली. गावातली लिंकनविल ही वस्ती यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या माणसांनीच वसवली. म्हणजे ही माणसं इथे कुठून तरी भटकत आलेली नव्हती, त्यांचं गाव होतं ते. त्यातली एक पोर त्याच गाड्यात बसली, त्याच पाण्यात गेली, आणि दीडशे वर्षं लोक तिची गोष्ट सांगताना तिच्या जागी "आणि एक मुलगी" म्हणतात. भूत म्हणूनसुद्धा तिला बोलावत नाहीत, कारण बोलवायला नाव लागतं. मला त्या रात्री मनोऱ्यातल्या कुठल्याही आवाजापेक्षा याने जास्त हलवलं. आमच्याकडे तर्पणाला वडील नेहमीच्या पितरांचं झालं की आणखी एक ओंजळ सोडायचे. ज्यांचं कुणी नाही, ज्यांचं नाव-गोत्र आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. सर्वपित्री तर तिथी माहीत नसलेल्यांचीही. लहानपणी मला वाटायचं, ही ओंजळ वाया जाते.

मी लेकीला हे मराठीत सांगितलं. तिने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "शेवटची बैठक बाहेर घेऊ. रूळ जायचे त्या बाजूला."

पहाटेचे चार. ओक वृक्षांवरून स्पॅनिश मॉसच्या जटा लोंबत होत्या, गवत दवाने भिजलेलं. डोक्यावरून झोत. खाडीची हवा माझ्या गावासारखी, खारट आणि थोडी कुजकी. बाईंनी मेरीला आणि एलायझाला हाक मारली, वीस सेकंद थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तू मार," लेक म्हणाली.

आमच्याकडे मुलीचं नाव माहीत नसलं तरी हाक अडत नाही. रस्त्यावरची, शेजारची, पाहुण्यांची, कुठलीही पोर असो. मी पाण्याच्या दिशेने तोंड केलं आणि म्हटलं, "बाय. ये गो बाय. घरी चल."

वीस सेकंद. मग आणखी वीस. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. लेक माझ्या शेजारी उभी होती, तिच्या हातातला मुद्रक चालू होता.

आठवड्याने बाईंनी सगळ्या फितींच्या नोंदी पाठवल्या. पहाटे चार वाजून बारा मिनिटांपाशी त्यांनी लिहिलं होतं: पुरुषाचा आवाज, इंग्रजी नाही, हा आपला माणूस. खाली लेकीच्या हाताने एक ओळ जोडलेली होती: तिसऱ्या मुलीला हाक मारली.