पाचोळ्याखालचं रान

कुर्ल्याच्या पुलांखालून काळी होऊन वाहणारी मिठी विहार तलावाच्या सांडव्याशी जन्मते. त्या तलावामागच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नर्व्हिलिया ही जमिनीवर उगवणारी आमरी क्वचित भेटते. मृगाचे पहिले पाऊस झाले की पाचोळ्यातून एक कोवळा दांडा वर येतो, पानाविना, फूल मिरवत. फूल सुकल्यावर जमिनीतून एकच पान उलगडतं, हृदयाच्या आकाराचं, चुण्याचुण्यांचं. पाऊस सरला की तेही वाळतं आणि मातीत लहानसा कंद तेवढा उरतो. फेब्रुवारीत तिथे कुणी पाहणीला गेलं तर ‘इथे काही नाही’ असंच लिहील. रानाची मोजदाद आपण बुंध्यांवर करतो, ती मला म्हणूनच अपुरी वाटते. ऑक्टोबर २०१९मध्ये मिठीच्याच वरच्या अंगाला असलेल्या आरेत मेट्रो कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली. आकडा झाडांचा होता आणि भरपाईचं बोलणंही झाडांचंच. त्यांच्या सावलीत साठलेली माती कुठल्याच रकान्यात नव्हती.

कंद खणून रोपवाटिकेत लावावेत, असं कुणी सुचवेल. कंदाला कंद फुटून तो ताटवा काही वर्षं टिकेलही. पण आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतली बुरशी त्याला पोसते तेव्हाच ते रुजतं, आणि ही बुरशी जगते कुजत्या पाचोळ्यावर, झाडांच्या मुळांशी. खणून नेता येतो तो कंद. बी रुजवणारी जमीन मागेच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ज्यांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं, त्या कुर्लेकरांना या फुलाचं काय? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा कुठलंच रान जिरवू शकलं नसतं, हे मान्यच करायला हवं. मात्र एरवीच्या सरींचं पाणी पाचोळ्याची भुसभुशीत जमीन धरून ठेवते आणि नदीला सावकाश सोडते. डांबर आणि काँक्रीट ते एकदम खाली लोटतात, गाळासकट. आमरीला लागणारी जमीन आणि कुर्ल्याला हवी असलेली जमीन एकच आहे. म्हणून मिठीच्या वरच्या अंगाला कुठलंही बांधकाम मंजूर करण्याआधी पाहणी दोनदा व्हावी, फुलासाठी जूनमध्ये आणि पानासाठी ऑगस्टमध्ये, आणि अहवालात बुंध्यांशेजारी त्यांच्याखालच्या जमिनीचीही नोंद असावी.