पासीच्या उतारावर

पॅरिस शहरीं सेन नदीच्या उजव्या तीरावर, त्रोकादेरोच्या बागांपासून पासीच्या बाजूस जाणारा एक वळणदार रस्ता आहे. त्याचें नांव बुलेव्हार देलेसेर. प्रवासी या बाजूस येतात ते आयफेल मनोरा पाहण्यास. रस्त्याची पाटी वाचण्यास कोणी थांबत नाहीं. आम्ही थांबलों, आणि त्या नांवाचा माग काढीत थेट स्वित्झर्लंडच्या डोंगरांत जाऊन पोंचलों.

१८६० सालीं पॅरिसांत सामील होईपर्यंत पासी हें स्वतंत्र खेडें होतें. देलेसेर या पेढीवाल्या घराण्याचे कारखाने याच उतारावर होते. घराण्यांतील पुरुषांचीं नांवें ग्रंथांतून पुष्कळ आढळतात. आम्हांस सांगावयाची आहे ती त्यांच्या मातेची, मादलेन-कातरीन हिची हकीकत.

तिचें माहेर बुआ द ला तूर यांचें. नशातेल प्रांतांत मोतिए गांवीं त्यांचें घर, व्यापार मात्र फ्रान्समध्यें लिओंस. १७६२ च्या जूनमध्यें ‘एमील’ ग्रंथाबद्दल रूसोस पकडण्याचा हुकूम पॅरिसास सुटला. जिनिव्हानें तो ग्रंथ जाळला. बर्नच्या सरकारनें आपल्या मुलखांत राहूं दिलें नाहीं. अशा वेळीं मादलेनच्या विधवा आईनें मोतिए येथील आपलें घर त्यास राहावयास दिलें. सरकारच्या रोषास पात्र झालेल्या मनुष्यास घर देणें ही लहान गोष्ट नव्हे! रूसो तेथें तीन वर्षें राहिला. आर्मेनियन पद्धतीचा पायघोळ झगा तो घालूं लागला, व त्याच्या कापडाविषयीं याच बाईंस पत्रें लिहूं लागला. दारांत बसून तो बायकांप्रमाणें फिती विणी, आणि त्या ओळखीच्या मुलींस लग्नांत देई. अट एकच, पुढें मुलास स्वतः अंगावर पाजावें. स्वतःच्याच कबुलीप्रमाणें आपलीं पांचही मुलें अनाथालयांत सोडणाऱ्यानें ही अट घालावी, हें वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटून बसलों. १७६५ च्या सप्टेंबरांत एका रात्रीं त्या घरावर दगडांचा वर्षाव झाला, आणि त्यास तेथूनही निघावें लागलें.

मादलेनचा जन्म १७४७ चा. १७६६ सालीं लिओंचे सावकार एत्येन देलेसेर यांच्याशीं तिचा विवाह झाला, व पुढील वर्षीं कन्या झाली. तिला घरांत मादलों म्हणत. मूल मोठें चपळ. त्या चपळपणास कांहीं चांगलें वळण लागावें म्हणून तिला झाडाफुलांची ओळख करून द्यावी, असें आईच्या मनांत आलें, आणि तिनें रूसोस विचारलें. १७७१ च्या ऑगस्टपासून पुढें सुमारें दोन वर्षांत आठ पत्रें आलीं. नातें नसतां तो तिला पत्रांत चुलतबहीण म्हणे. पहिलें फूल लिलीचें. पुढें वाटाण्याचें फूल व इतर कुळें. आधीं आईनें स्वतः शिकावें, मग मुलीस दाखवावें. आधीं डोळ्यांनीं पाहावें, नांव मागाहून घ्यावें, हा त्याचा क्रम. अमरकोश पाठ करून वाढलेल्या आम्हांस हा क्रम प्रथम पटेना. परंतु वनौषधिवर्ग तोंडपाठ असून कुंपणावरील वेल न ओळखणारे विद्वानही आम्हीं पाहिले आहेत. असो. त्या मुलीसाठीं रूसोनें वाळविलेल्या वनस्पतींचा एक लहानसा संग्रहही करून पाठविला.

हीं पत्रें १७८२ सालीं, रूसोच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं छापलीं गेलीं. तीन वर्षांत केंब्रिजचे अध्यापक मार्टिन यांनीं त्यांचें इंग्रजी भाषांतर करून पदरचीं चोवीस पत्रें जोडलीं. पुस्तकावर नांव रूसोचें. कल्पना मात्र बाईंची, आणि हें रूसोनेंच पहिल्या पत्राच्या आरंभीं लिहून ठेविलें आहे.

१७७७ सालीं कुटुंब पॅरिसास आलें. पुढें क्रांतीच्या दहशतींत पतीस तुरुंग पाहावा लागला. १७९५ सालीं पेढीचा भार मुलगा बेंजामिन याजवर आला, तेव्हां तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याचा जन्म १७७३ चा, म्हणजे पत्रें येत होतीं त्याच दिवसांतला. इंग्रजांशीं चाललेल्या युद्धामुळें उंसाची साखर फ्रान्समध्यें दुर्मिळ झाली असतां त्यानें पासी येथें बीटाची साखर काढून दाखविली, व २ जानेवारी १८१२ रोजीं नेपोलियन तो कारखाना पाहावयास स्वतः आला. त्यानें आपल्या छातीवरील पदक काढून बेंजामिनच्या छातीवर लाविलें, असें सांगतात. बीटांत साखर आहे हा शोध मार्गग्राफनें १७४७ सालीं, म्हणजे मादलेनच्या जन्मवर्षींच लाविला होता.

पतिपत्नी दोघेंही १८१६ सालीं वारलीं. एक फ्रँकपासून ठेव घेणारी गरिबांची बचतपेढी बेंजामिननें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पॅरिसांत काढली ती १८१८ सालीं. ती पाहणें आईच्या नशिबीं नव्हतें. झाडाफुलांचा छंद मात्र मुलानें सोडला नाहीं. त्याचा वनस्पतिसंग्रह अडीच लाखांच्या घरांत गेला, व देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथें अभ्यासास येत. तो संग्रह आज जिनिव्हा येथें, सरोवराच्या कांठच्या वनस्पतिशास्त्रीय संस्थेत आहे.