शून्य आणि ‘माहीत नाही’

गेल्या जानेवारीतील एका संध्याकाळी बाबा फिरून आले आणि दारातच भिंतीला धरून उभे राहिले. श्वास लागला होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दिल्लीत राहायला आल्यापासून दम्याचा त्रास आम्हाला नवा नव्हता. म्हणूनच हिवाळ्यात हवा कशी आहे हे पाहिल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. जवळच्या दवाखान्यात नेब्युलायझर लावला आणि तासाभराने आम्ही घरी परतलो. तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अगं, तुझ्या त्या पाटीवर हिरवं होतं, म्हणून गेलो.”

ती पाटी मीच तयार केली होती. बाबांच्या मोबाइलवर दिसणारा एक रंगीत चौकोन, त्यात एक आकडा, बस. त्यामागचा छोटा प्रोग्राम दर तासाला एका सार्वजनिक वेबसेवेकडे जाई, घराजवळच्या मापनकेंद्रातील पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण विचारी आणि त्यानुसार चौकोनाला रंग देई. राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांकात घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘चांगले’ मानतात. म्हणून तीसपर्यंत हिरवा, पुढे चढत्या क्रमाने पिवळा, नारिंगी, लाल.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी नोंदी उघडून बसले. सुदैवाने सेवेकडून आलेले प्रत्येक उत्तर मी जसेच्या तसे साठवून ठेवत होते. पाच वाजताच्या उत्तरात केंद्राचे नाव होते, वेळ होती, प्रदूषकाचे नाव होते. पण आकड्याच्या जागी ‘एनए’ ही दोन अक्षरे होती. उपलब्ध नाही. त्या तासाला केंद्राकडे मोजमाप नव्हते आणि सेवेने तसे प्रामाणिकपणे सांगितले होते. ते सत्य आणि बाबा यांच्या मध्ये माझ्या प्रोग्रामच्या आठ ओळी उभ्या होत्या. त्यांनी ‘उपलब्ध नाही’चे ‘शून्य’ केले होते, आणि शून्य तीसपेक्षा लहान असते.

या आठ ओळींच्या कामाला संगणकशास्त्रात डीसिरियलायझेशन म्हणतात. घर बदलताना आपण पलंग सुटा करतो, फळ्या आणि खिळे-बोल्ट बांधून पाठवतो आणि नव्या घरी तो पुन्हा उभा करतो. वेबसेवाही तेच करते. तिच्या स्मृतीतील माहितीची रचना जाळ्यावरून पाठवता येत नाही, म्हणून ती साध्या मजकुरात उलगडली जाते. बहुधा जेसन या मांडणीत. हे सिरियलायझेशन. घेणाऱ्या बाजूने, म्हणजे क्लायंटने, त्या मजकुरातून पुन्हा संख्या, तारखा, याद्या उभ्या करायच्या, हे डीसिरियलायझेशन. पलंग जोडताना एक बोल्ट सापडला नाही तर चांगला सुतार तसे सांगतो. कामचुकार सुतार तिथे लाकडाची खुंटी ठोकतो. पलंग दिसायला उभा राहतो. मोडतो तो मध्यरात्री.

मी खुंटी ठोकली होती. प्रोग्राम पायथनमध्ये होता. ‘एनए’ या मजकुराची संख्या करायला सांगितली की पायथन ठाम नकार देते आणि प्रोग्राम थांबतो. पहिल्याच आठवड्यात तो दोनदा थांबला. मला वैताग आला आणि मी लिहून टाकले : अडचण आली तर शून्य धर. भाषेने दिलेला इशारा मी स्वतःच्या हाताने बंद केला आणि प्रोग्राम आता ‘स्थिर’ झाला म्हणून खूशही झाले. काही भाषांमध्ये तर एवढेही करावे लागत नाही. गो भाषेच्या नेहमीच्या जेसन-वाचकात एखादा रकाना मजकुरात आलाच नाही, तर संख्येच्या जागी निमूटपणे शून्य राहते. जावास्क्रिप्टला रिकाम्या मजकुराची संख्या करायला सांगा; तीही शून्यच देते.

नोंदी मागे मागे चाळत गेले तेव्हा त्या महिन्यात असे अकरा तास सापडले. अकरा वेळा माझी पाटी हिरवी झाली होती. त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही, की ते शून्य मी स्वतः पाहिले होते. जानेवारीतल्या दिल्लीत कणविरहित हवा कुठून येणार, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थिनीला पडायला हवा होता. पडला नाही, कारण आकडा नीटनेटक्या चौकोनात बसला होता.

जुन्या विदासंचांची एक पद्धत मला पूर्वी ओबडधोबड वाटे. भारतीय हवामान विभागाच्या जाळीरूप पर्जन्य-संचात १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडलेला आहे. जिथे मूल्य नाही तिथे उणे ९९९ लिहिलेले असते. आता त्यातला शहाणपणा कळतो. समजा, महिन्यातील एकोणतीस दिवस रोज १० मिलिमीटर पाऊस पडला आणि एका दिवसाची नोंद नाही. उणे ९९९ चुकून बेरजेत गेले तर दिवसाची सरासरी उणे २३.६ मिलिमीटर येते. उणे पाऊस! शाळकरी मूलही थबकेल. त्याच जागी शून्य घातले तर सरासरी ९.७ येते आणि कोणालाही काही खटकत नाही. नोंद हुकली त्या दिवशी २०० मिलिमीटर कोसळला असेल, तर खरी सरासरी १६.३ असते. उणे ९९९ ची चूक ओरडते; शून्याची चूक गप्प बसते.

राष्ट्रीय निर्देशांकाची कार्यपद्धती वाचल्यावर माझी दुसरी चूकही उघडी पडली. तीसची ती मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहे; मी ती तासाच्या आकड्याला लावत होते. शिवाय किमान तीन प्रदूषकांची माहिती हवी, त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० यांपैकी एक असलेच पाहिजे आणि किमान सोळा तासांची मोजमापे हवीत. नाहीतर निर्देशांक काढायचाच नाही. ज्यांनी हे मापन रचले त्यांनी ‘आज सांगता येत नाही’ असे म्हणण्याची जागा नियमातच राखून ठेवली होती. माझ्या प्रोग्राममध्ये ती जागा नव्हती.

चूक कळल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मीही ठरवले, की आता कडक पहारा ठेवायचा. विचित्र दिसेल तो आकडा फेकून द्यायचा. पण लगेच मुंबईची आठवण झाली. २७ जुलै २००५ या तारखेची सांताक्रूझची नोंद आहे ९४४ मिलिमीटर. ही नोंद म्हणजे २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. त्याच चोवीस तासांत त्याच शहरातील कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नव्हता. ‘पाचशेच्या वरचा पाऊस म्हणजे बिघाड’ असा नियम माझ्या प्रोग्रामने लावला असता, तर त्या शहराच्या इतिहासातील एक भयंकर दिवस साफसफाईत वाहून गेला असता. तारखेचा अर्थ न विचारता तो पाऊस २७ च्या मध्यरात्रीनंतर पडला असे मानले असते, तर पूर एक दिवस उशिरा आला असता.

ओझोनच्या बाबतीतही असेच काहीसे घडले. अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी १९८५ मध्ये जमिनीवरील मोजमापांच्या आधारे जाहीर केली. निंबस-७ उपग्रहावरून होणाऱ्या मोजमापांतही ती घट उमटत होती. पण १८० डॉब्सन एककांखालील मूल्यांवर प्रोग्राम संशयाची खूण करत होता. तरी मूळ नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या, म्हणून त्या पुन्हा तपासता आल्या आणि घट किती विस्तीर्ण भागात पसरली आहे हे त्यांतून दिसले.

दोन दिवसांनी मी त्या आठ ओळी खोडल्या. नव्या ओळी चाळीसएक झाल्या. आलेला मजकूर आधी जसाच्या तसा साठवायचा. मग प्रत्येक रकान्याची चार उत्तरे वेगवेगळी ओळखायची : रकानाच आला नाही; आला पण रिकामा; आला पण ‘एनए’ किंवा संख्या न होणारे दुसरे काही; आणि संख्या. पहिल्या तिन्हींत रंग द्यायचा नाही. अवतरणचिन्हांत गुंडाळून आलेली संख्या स्वीकारायची, मात्र तसा नियम स्पष्ट लिहून. नियमात न बसणारे काही आले तर थांबायचे आणि मला कळवायचे. संख्या आहे पण अविश्वसनीय आहे, तर ती ठेवायची आणि शेजारी खूण करायची. वेळेसोबत ती भारतीय प्रमाणवेळ आहे की जागतिक, हे लिहूनच पुढे द्यायचे. तासाच्या आकड्यावर निर्देशांकाचे रंग लावणेही थांबवले. आता सोळा तासांची मोजमापे जमल्याशिवाय रंग येत नाही. सगळ्यात अवघड होता तो पाचवा रंग. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल यांच्या जोडीला करडा आला आणि त्यावर लिहिले ‘माहीत नाही’. तो निवडताना मला कमीपणा वाटला, हेही कबूल करते. आपण केलेली वस्तू ‘मला ठाऊक नाही’ म्हणते, हे मिरवण्यासारखे नसते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्या देशात आता हवेची, पावसाची, भूजलाची विदा वेबसेवांमधून मिळू लागली आहे आणि तिच्यावर प्रकल्प करणारे तुमच्यासारखे अनेक आहेत. आकृत्या सुंदर काढाल, प्रारूपे उत्तम बसवाल. पण त्याआधीच्या त्या कंटाळवाण्या ओळी, जिथे मजकुराची संख्या होते, त्या एकदा उघडून पाहा. अडचण आली तर तिथे काय घडते, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

त्या संध्याकाळच्या त्रासाला ते हिरवे चौकोनच कारण होते का, हे मी सिद्ध करू शकत नाही. थंडी होती, ते वेगाने चाललेही असतील. बाबांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. परवा पाटी करडी झाली होती. बाबांनी चष्मा वर करून ती वाचली, “आज हिला माहीत नाही वाटतं,” असे म्हणाले आणि गच्चीवर गेले. दोन रस्ते पलीकडची पाण्याची टाकी दिसते का ते त्यांनी पाहिले. दिसत नव्हती. खाली येऊन त्यांनी चप्पल परत कोपऱ्यात ठेवली.