‘गेम’ म्हणजे नेमके काय?

नातू मान खाली घालून मोबाइलमध्ये गुंतला आहे आणि तो काय करतो आहे असे कुणी विचारले, तर आपण एका शब्दात उत्तर देतो : ‘गेम’. त्या एका शब्दात सारे आले, अशीच आपल्या पिढीची समजूत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मंठ्यातील आमच्या ओसरीवर नातवाने आणि त्याच्या तीन मित्रांनी ही समजूत चांगलीच तपासून पाहिली. नातवंडे सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या कानी ती चर्चा पडावी असे वाटते.

निमित्त झाले शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांचे. ‘पोरे बिघडली म्हणूनच तर सरकारने पब्जी बंद केला,’ असे ते म्हणाले. मुले उसळली. ‘नाही आजोबा, कारण वेगळे होते.’ मुलांचे म्हणणे बरोबर होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पब्जी होता. कारण देशाची सुरक्षा आणि नागरिकांच्या माहितीचा गैरवापर हे होते. मुलांच्या वर्तनाशी त्या आदेशाचा संबंध नव्हता. पुढल्याच वर्षी तसाच खेळ नवे नाव घेऊन परत आला.

मग विषय ‘ब्लू व्हेल’कडे वळला. २०१७ साली या नावाने घरोघरी धास्ती घेतली होती, ती आपल्याला आठवत असेल. त्या वेळच्या प्रकरणांची सरकारने समितीकरवी छाननी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले की, एकाही घटनेत त्या खेळाचा सहभाग सिद्ध होऊ शकला नाही. हे फारच थोड्यांपर्यंत पोहोचले. मला यात अधिक खटकते ते हे की, दोष खेळावर टाकला म्हणजे त्या मुलाच्या मनात काय चालले होते हे विचारण्याचे आपण थांबतो.

‘आबा, तुम्ही जेवायला हाक मारता ना, तेव्हा आम्ही मुद्दाम दुर्लक्ष करत नाही,’ नातू म्हणाला. चौघांचा संघ करून खेळला जाणारा हा सामना अर्धा तास चालू शकतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. एक उठला की उरलेले तिघे अडचणीत येतात. बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर सोडून उठायला आपल्यालाही जिवावर येतेच की! तेव्हापासून सौभाग्यवती पोळ्या करायला घेतानाच सांगून ठेवतात, ‘आता नवा डाव मांडू नका.’ घरातली निम्मी कटकट एवढ्याने मिटली.

मुलांचेही सगळेच खरे मानू नये. ‘गेमने बुद्धी वाढते, तुम्हीही खेळा,’ असे एकाने ठणकावून सांगितले. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी खास तयार केलेला एक खेळ ६० ते ८५ वयाच्या लोकांना खेळायला दिला, तेव्हा त्यांचे अवधान सुधारलेले दिसले, हे खरे. पण तो प्रयोगशाळेत बेतलेला खेळ होता. उलट बुद्धिवर्धक खेळ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’ या कंपनीला स्मरणशक्तीच्या ऱ्हासाविषयी अतिरंजित दावे केल्याबद्दल २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा विस्मरणावरचा उपाय म्हणून कुणी अ‍ॅप विकू लागला, तर पैसे देण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी सोयाबीनचे आलेले पैसे रमीच्या एका अ‍ॅपवर घालवले. खताला पैसे नाहीत तेव्हा उघडकीस आले. तो एवढेच म्हणाला, ‘गेम खेळत होतो.’ हा शब्द कानी पडताच वहिनींनी धाकट्याच्या, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाच्या, मोबाइलवरचा क्रिकेटचा खेळ काढून टाकला! तो बिचारा रुपयाही न लावता खेळत होता. मोठ्याचा मोबाइल मात्र त्याच्याच हाती राहिला, आणि पुढले दोन महिने पैसे जातच राहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवला नाही. स्पर्धात्मक ई-क्रीडेला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली. शब्द एकच, पण कायद्यानेही दोन वाटा केल्या आहेत.

बिनपैशाच्या खेळाचीही आसक्ती जडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने तिला विकार म्हणून आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे. ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा वाटणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालून शिक्षण, घर, कामधंदा विस्कटणे, अशी तिची लक्षणे आहेत. सुटीत चार तास खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. पण झोप, जेवण, शाळा सुटत चालली असेल, तर १४४१६ या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

पुतण्या आता सावरतो आहे. बँकेच्या अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी कशी पाहायची, हे ओसरीवरच्या त्या चौघांनीच वहिनींना शिकवले. दर रविवारी चहानंतर मायलेक दोघेही ती शेजारी बसून पाहतात. आणि धाकट्याचा क्रिकेटचा खेळ त्याला परत मिळाला आहे.